हॉटडिशला रामराम

आर्डन क्वामे मरायला टेकलाय ही बातमी स्कोगेन गावात कोणी उठवली, ह्याचा पत्ता अजून लागलेला नाही आणि लागणारही नाही, कारण ती उठवणारा खुद्द आर्डनच होता. तोंडातून त्याने अक्षर काढलं नव्हतं. पण आमच्या मिनेसोटात माणूस तसाही तोंड उघडत नाही, तेव्हा लोक वागण्यावरून काय ते ओळखतात. आणि आर्डन त्या फेब्रुवारीत वागलाच तसा.

हा आर्डन काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. वय चोपन्न, लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, एक बहीण आहे ती ॲरिझोनात उन्हात जाऊन राहिली. अंगाने एवढा की चर्चच्या तळघरातली घडीची खुर्ची त्याच्याखाली टिकत नसे, म्हणून जेवणाच्या दिवशी त्याच्यासाठी वरून पियानोचा बाक आणून ठेवायचे. बाक आला की समजायचं, आर्डन आला. त्याने तिसरी ताटली घेतली की स्वयंपाकघरातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या, आणि चौथी घेतली की त्या वर्षीचं जेवण उत्तम झालं असं गावात धरलं जायचं. माणसाच्या खाण्याचं इतकं कौतुक झाल्यावर त्याने खायचं थांबवायचं तरी कसं?

मग जानेवारीत ती पत्रपेट्यांची भानगड झाली. भल्या सकाळी बर्फ काढता काढता आर्डनचा डोळा लागला आणि ट्रकच्या फाळाने मेन स्ट्रीटवरच्या घरोघरच्या पत्रपेट्यांची अख्खी रांग आडवी केली. गाव पोट धरधरून हसलं. कॅफेतल्या लव्हॉनने तर एक मोडकी पेटी आणून त्याच्या टेबलावर फुलदाणी म्हणून ठेवली. आर्डनही हसला. पण शेवटची पेटी पडली तिथून चार हातांवर एक पोरगी शाळेच्या बसची वाट बघत उभी होती, आणि ती त्याच्या जिवलग दोस्ताची, ऑर्व्हिलची, नात होती. पोरीला वाटलं, आर्डनकाका गंमत करतोय. तिने हात हलवला. हे आर्डनने कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली कॅरमल रोल नीट उतरेना.

डॉक्टरने तपासलं आणि सरळ सांगितलं. वजनामुळे झोपेत श्वास अडकतो, रात्रभर झोप होत नाही, ती मग ट्रकमध्ये लागते. शिवाय साखर आहे, रक्तदाब आहे. वडील आणि काका दोघेही साठी न बघता गेलेत. तेव्हा पथ्यपाण्याच्या गप्पा पुरे, जठराचं ऑपरेशन करून घ्या.

"करतो," आर्डन म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

पण ते तितकं सरळ नव्हतं. तासाभराच्या वाटेवरच्या शहरातल्या त्या इस्पितळाचे नियम होते. आधी, ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय त्यांच्या गटात जाऊन बसायचं. कुठलं ऑपरेशन हवं ते समजून उमजून ठरवायचं. आधीचे दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर काढायचे, म्हणजे यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. आणि सोबतीला एक माणूस आणायचा, जो ऑपरेशनच्या दिवशी येईल आणि पुढेही पाठीशी राहील. सोबतीचा माणूस नाही, तर तारीख नाही.

आर्डन अडला तो ह्या शेवटच्या अटीपाशी. पोट कापून घ्यायला तो तयार होता, पण गावात तोंड उघडायला नव्हता. आमच्याकडे असल्या ऑपरेशनला पळवाट म्हणतात. "ताटली बाजूला सारायची, झालं, त्यात कापायचं काय?" असं ऑर्व्हिल एकदा टीव्ही बघताना म्हणाला होता, आणि आर्डनने मान डोलावली होती, तोंडात डोनट होता म्हणून. आणि खरी भीती त्याहून खोल होती. जेवणाच्या पंगतीत आर्डन जेवणार नसेल, तर मग आर्डनचं तिथे काय काम?

गटाची बैठक इस्पितळाच्या मागच्या खोलीत भरायची. तिथल्या खुर्च्या रुंद होत्या, बिनहातांच्या, लोखंडी पायांच्या. कितीतरी वर्षांत आर्डन पहिल्यांदाच खुर्ची न तपासता बसला. समोर दहाबारा माणसं, काही बारीक, काही त्याच्यासारखी, काही अधलीमधली, आणि ती दोन बाजूंना अशी वाटून बसलेली जणू निवडणूक तोंडावर आलीय.

"मी नवीन आहे," आर्डन म्हणाला. "कुठलं ऑपरेशन चांगलं, एवढंच विचारायचंय."

गट चालवणाऱ्या नर्सने कपाळाला हात लावला. हे विचारायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार.

"स्लीव्ह," डावीकडून एक दाढीवाला ट्रकवाला म्हणाला. "जठराचा मोठा भाग कापून फेकायचा, उरतं केळ्याएवढं. आतड्याला हात लावायचा नाही. देवाने जशी नळजोडणी दिलीय तशी राहू द्यायची."

"देवाने जठरही दिलं होतं," उजवीकडच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "ते टाकलंतच ना कचऱ्यात? आम्ही बायपासवाले काही फेकत नाही. वर अंड्याएवढी पिशवी करायची, आतडं तिला जोडायचं. माझं जुनं जठर अजून आत आहे, अख्खं."

"असून उपयोग काय बाई? कुलूप लावलेली खोली."

"असू दे. माझी आहे."

"आणि केकचा तुकडा खाल्लात की घामाने न्हाऊन निघता, छाती धडधडते, त्याचं काय?"

"म्हणून तर मी खात नाही. तुम्ही परवा केवढा खाल्लात ते सांगा की सगळ्यांना."

ट्रकवाल्याने दाढी खाजवली. आर्डनला वाटलं, ह्यापेक्षा सर्जनची चित्रं बरी होती. तेवढ्यात दार उघडलं, आणि जुन्या पँटींची भलीमोठी पिशवी छातीशी धरून एक बाई पाठमोरी आत आली. हे लोक बारीक होत जातात तसे कपडे एकमेकांना देत जातात. बाई वळली आणि आर्डनची बोबडीच वळली. त्या बर्नडीन स्लेटन होत्या.

बर्नडीनबाई म्हणजे आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. त्यांची हॉटडिश तीन गावांत नावाजलेली, खाली खिमा, मध्ये मशरूम सूपचे डबे ओतलेले, वर बटाट्याच्या गोळ्या आणि चीज असं की चमचा उभा राहील. आर्डन शाळेत होता तेव्हा रविवारच्या धर्मवर्गात त्याचा कान पिळायच्या त्या ह्याच.

"मी," बर्नडीनबाई म्हणाल्या, "हे कपडे फक्त द्यायला आले होते."

"मी रस्ता चुकलो," आर्डन म्हणाला.

"ये ग बर्नडीन," दाढीवाला कौतुकाने ओरडला, "तुझी खुर्ची धरून ठेवलीय. अकरा वर्षं झाली ना तुझ्या बायपासला? मेणबत्ती आणलीय आम्ही. केक नाही, नुसती मेणबत्ती."

बैठक संपल्यावर दोघं बाईंच्या गाडीत हीटर लावून बसले.

"पित्ताशय," आर्डन म्हणाला. "तुमचं पित्ताशय काढलं होतं, असं गावात माहीत आहे."

"पित्ताशयच," बाई समोर बघत म्हणाल्या. "कोणी विचारलं तर पित्ताशयच. माझा नवरा मिल्टन होता तेव्हा तोच सोबतीला आला, आणि पोटात ठेवून गेला बिचारा. आता तुला कळलं."

"पण मग ती हॉटडिश? ते लोणी? ते चॉकलेटचे बार?"

"मी रांधते, आर्डन. चव बघायला अर्धा चमचा, तोही स्वयंपाकघरात उभ्याने. बाकी खाणाऱ्यांकडे बघून समाधान करते."

"म्हणजे माझ्याकडे."

"सगळ्यात जास्त तुझ्याकडेच," बाई म्हणाल्या. "चौथी ताटली मीच वाढत होते रे तुला. हे चांगलं नाही हे मला कळत होतं, आणि तरी वाढत होते. मला त्याची लाज वाटते."

त्याने हीटर उगाचच कमी केला.

"छातीत जळजळ होते का तुझ्या?" बाईंनी एकदम विचारलं.

"रोज. गोळ्या उशाशीच असतात."

"मग स्लीव्हचा नाद सोड. आधीच जळजळ असलेल्याला त्याने आणखी जाळतं, गटातल्या दोघींचं तसंच झालं. त्या दाढीवाल्याचं ऐकू नकोस, तो स्वतःच्या ऑपरेशनबद्दल स्वतःच्या ट्रकसारखा बोलतो. सर्जनला हेच विचार, जळजळीचं सांगून विचार. तो बायपास म्हणेल."

सर्जन बायपासच म्हणाला. पण त्याच्या आधी, त्या गाडीतच, आर्डनने जीव मुठीत धरून दुसरी गोष्ट काढली.

"सोबतीला माणूस लागतो म्हणतात. तुम्ही याल?"

बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "मी आले तर गाव विचारेल की मीच का. मग मला सगळंच सांगावं लागेल. अकरा वर्षं खोटं बोलल्यावर खरं कुठून सुरू करायचं रे?"

"मग राहू द्या."

"ऑर्व्हिलला विचार."

"तो हसेल."

"हसेल," बाईंनी कबूल केलं. आणि दोघं आपापल्या गाडीने, वेगवेगळ्या रस्त्यांनी गावात परतले.

सोबतीच्या माणसाचं नाव 'नंतर कळवतो' असं इस्पितळाला सांगून आर्डनने तारीख पदरात पाडून घेतली, मार्चमधला एक सोमवार. दोन आठवडे आधी पातळ खाणं सुरू. त्याच्या आधी त्याला वाटलं, ज्यांनी एवढी वर्षं साथ दिली त्या खाण्याचा रीतसर निरोप घ्यावा. आणि इथेच सगळं बिघडलं.

लव्हॉनच्या कॅफेत त्याने कॅरमल रोल मागवला, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि एकेक घास डोळे मिटून खाल्ला. मग लव्हॉनचा हात हातात घेऊन म्हणाला, "लव्हॉन, तू मला आजवर खूप दिलंस. मी कधी बोललो नाही, पण विसरणार नाही." लव्हॉनच्या हातातली कॉफीची किटली खाली पडली. खाटकाकडे तो म्हणाला, "ह्यापुढे माझ्यासाठी सॉसेज बाजूला ठेवू नकोस, दुसऱ्या कोणाला दे." गावाबाहेरचं आइस्क्रीमचं दुकान थंडीत बंद असतं, तर त्याच्या बंद खिडकीसमोर तो बर्फात उघड्या डोक्याने उभा राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्या तीन गाड्यांनी ते पाहिलं, आणि त्यातली एक पाद्रीणबाईंची होती.

संध्याकाळपर्यंत गावात एकच कुजबुज. कोणी म्हणालं फुप्फुस, कोणी म्हणालं स्वादुपिंड. स्वादुपिंडाला जास्त मतं पडली.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला कोणी काही विचारत नाही. हॉटडिश आणतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव, म्हणजे भांडं परत न्यायच्या निमित्ताने पुन्हा डोकावता येतं. आर्डनच्या पातळ खाण्याच्या दुसऱ्या दिवशी दारात पहिली हॉटडिश आली आणि मग ओघच लागला. खिम्याची, टर्कीची, ट्यूनाची, नूडल्सची. तो बिचारा भिंतीला द्यायच्या चुन्यासारखी व्हॅनिलाची पावडर पाण्यात ढवळून पीत होता, आणि समोर वाफाळलेली भांडी. फ्रिज भरला तशी त्याने ती गॅरेजात रचली, आणि गॅरेज भरलं तशी मागच्या अंगणात बर्फात पुरली. वास लागून सगळ्या गल्लीतली कुत्री अंगणात बसायला लागली.

आणि वजन उतरायला लागलं. गाल आत गेले, चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली.

एका संध्याकाळी ऑर्व्हिल आला. दारातच उभा राहून तो तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीबद्दल बोलला. मग ट्रकच्या टायरबद्दल बोलला. मग जोड्यांकडे बघत म्हणाला, "शनिवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी जेवण ठेवलंय. उपचारांना पैसे उभे करायला सोडत, लिलाव, सगळं. गावाने ठरवलंय."

"नको रे, ऑर्व्हिल. मला काही झालेलं नाही."

"हो, हो."

"खरंच नको. मी ठणठणीत आहे."

"माहीत आहे."

"ऑर्व्हिल, मी शप्पथ सांगतो, नको."

आता आमच्याकडे कुठलीही गोष्ट दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायची असते, मग ती कॉफी असो की किडनी. आर्डनने तिन्ही वेळा नको म्हटल्यावर ऑर्व्हिलला भरून आलं. एवढा सोशिक माणूस त्याने पाहिला नव्हता. त्याने आर्डनच्या दंडावर एक थाप मारली, जी त्यांच्या चाळीस वर्षांच्या दोस्तीतली सगळ्यात मोठी प्रेमाची खूण होती, आणि घाईघाईने ट्रकमध्ये जाऊन बसला. बराच वेळ ट्रक सुरू झाला नाही.

शनिवारी तळघर खचाखच भरलं. दारावर आर्डनचा फोटो, ट्रकच्या खिडकीतून हसणारा. कॉफीच्या रिकाम्या डब्यात लोक काय काय टाकत होते. खाटकाने अख्ख्या डुकराची सोडत ठेवली होती. आर्डन पियानोच्या बाकावर मधोमध, मानेपर्यंत लाल. सोमवारी ऑपरेशन होतं. सर्जनने बजावलं होतं की एक घास जरी खाल्लास तरी मला सांगायचं, मी तारीख रद्द करीन. आणि आर्डनला धड खोटं बोलता येत नसे, फक्त गप्प बसता यायचं.

बर्नडीनबाईंनी स्वयंपाकघरातून त्याला गुपचूप कॉफीच्या कपात साधं पाणीदार सूप पाठवलं. तो ते घोटाघोटाने पीत होता. तेवढ्यात लव्हॉनने त्याच्यासमोर ताटली ठेवली. हॉटडिशचा हा एवढा डोंगर, बाजूला लोण्यात न्हालेला पाव.

"तुझ्या आवडीची, आर्डन," ती म्हणाली. "बर्नडीनच्या हातची. पोटभर जेव. आम्हाला डोळे भरून बघू दे."

दोनशे माणसांनी चमचे खाली ठेवले. पाद्रीणबाईंनी हात जोडले. आर्डनने ताटलीकडे पाहिलं. एक घास, आणि सगळे खूष. तारीख रद्द होईल, तो पुन्हा त्यांचा आर्डन होईल, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा ट्रकमध्ये झोपेल.

तो उठून उभा राहिला.

"मी मरत नाहीये," तो म्हणाला.

"सगळेच एक दिवस मरणार आहेत, आर्डन," शेजारून ऑर्व्हिल हलकेच म्हणाला. "धीर धर."

"तसं नाही रे. मला रोगच नाही. मी जठराचं ऑपरेशन करून घेतोय. सोमवारी. वजनासाठी."

कॉफीच्या मोठ्या भांड्याची खदखद तेवढी ऐकू येत होती.

"तीनदा नको म्हटलं मी," आर्डन म्हणाला. "पण खरं काय ते सांगितलं नाही, ती चूक माझी. मला लाज वाटत होती. तुम्ही हसाल असं वाटलं. हसा हवं तर. पण त्या दिवशी पेट्या पाडल्या तेव्हा मी झोपलेलो होतो, आणि शेवटच्या पेटीपाशी ऑर्व्हिल, तुझी ब्रिन उभी होती. ट्रक तिच्यापासून इथून त्या भिंतीइतकाही लांब नव्हता. मी आता ताटली बाजूला सारून बघणार नाही. ते मी तीस वर्षं करून बघितलंय."

"पण त्यासाठी ऑपरेशन कशाला?" लव्हॉन म्हणाली. "माणसाने कमी खावं." आणि बोलता बोलता तिने सवयीने पाव त्याच्याकडे सरकवला.

ऑर्व्हिल त्याच्याकडे बघतच राहिला होता. "मी माणसं ठरवली होती," तो म्हणाला. "तुझी शवपेटी उचलायला. सहा जणांना झेपली नसती, म्हणून आठ. एकेकाच्या घरी गेलो. ट्रकमध्ये बसून रडलो मी, लेका. मी. रडलो."

"मला माफ कर."

"आठ जण," ऑर्व्हिल म्हणाला. त्याने टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि कोणाकडे न बघता जिना चढून निघून गेला.

आर्डन मटकन खाली बसला. बाक करकरला. हेच व्हायचं होतं, त्याला वाटलं. कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, मग त्या डुकराचं काय? कोणी म्हणालं, फसवणूकच की ही एक प्रकारची. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून बर्नडीनबाई बाहेर आल्या. ॲप्रन, हातात पळी, आणि तोंड असं की पुढच्या रांगेतली दोन माणसं आपोआप ताठ बसली.

"गप्प बसा सगळे," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं नव्हतं. ते अजून जागच्या जागी आहे. मी हेच ऑपरेशन करून घेतलं, आणि मला लाज वाटली म्हणून तुम्हाला थापा मारल्या. आर्डनने दोन आठवडे लपवलं. मी अकरा वर्षं. आता कोणाला फसवणूक म्हणायचंय ते मला तोंडावर म्हणा."

कोणाची टाप होती? बाईंच्या स्वयंपाकघरातून ताटली मिळणं बंद झालं, तर गावात राहायचं कशाला.

लव्हॉनने दबक्या आवाजात विचारलं, "मग आम्ही तेव्हा एवढ्या हॉटडिश आणल्या होत्या, त्या कोणी खाल्ल्या?"

बाईंनी पहिल्यांदाच नजर चुकवली. "रस्टीने."

सगळ्यांना रस्टी आठवला. त्या वर्षी तो कुत्रा पिंपासारखा झाला होता आणि जिने चढेनासा झाला होता.

"तो त्याच वर्षी गेला ना?" मागून कोणीतरी म्हणालं.

"त्याच वर्षी," बाई म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांच्या प्रेमाने."

हसू आधी खाटकाला फुटलं. मग पाद्रीणबाईंना, ज्यांना हसू नये म्हणून रुमाल तोंडात कोंबावा लागला. बाईंनी मात्र हसणं थांबेपर्यंत पळी खाली ठेवली नाही. "सोमवारी ह्याच्याबरोबर मी जाणार आहे," त्यांनी जाहीर केलं. "आणि त्या डब्यातल्या पैशांतून आधी पत्रपेट्या लावा. लोकांची बिलं बर्फात पडताहेत." मग त्यांनी स्वतःसाठी एक कप सूप आणलं, आर्डनशेजारी बाकाच्या उरलेल्या टोकावर बसल्या आणि दोघांनी मिळून, सगळ्यांसमोर, ते प्यायलं. आर्डनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही. पण नजर पुन्हा पुन्हा जिन्याकडे जात होती. ऑर्व्हिल परत आला नाही. रविवारी फोनही आला नाही. आर्डनने दोनदा केला, तो कोणी उचलला नाही.

सोमवारी सकाळी बाईंच्या गाडीने दोघं इस्पितळात पोचले. काउंटरवर बाईंनी स्वतःचं नाव असं ठणकावून सांगितलं की मागच्या रांगेला ऐकू गेलं. वजन बरोबर उतरलं होतं. झगा घालून आर्डन आतल्या खोलीत बसला. तेवढ्यात एक नर्स आली, चेहऱ्यावर आठ्या.

"मिस्टर क्वामे, बाहेर बसलेली ती माणसं तुमची आहेत का? त्यांना जरा आडोशाला बसायला सांगाल? बाकीचे पेशंट घाबरलेत. एका बाईंनी तर घरी जाऊ का म्हणून विचारलं."

आर्डनने दारातून डोकावून पाहिलं. भिंतीला लागून ऑर्व्हिल, खाटीक आणि आणखी सहा जण रांगेने बसले होते. आठही जण काळ्या सुटात, काळा टाय, गुडघ्यावर हात, तोंडं मयताला आल्यासारखी.

"ऑर्व्हिल," आर्डन म्हणाला, "हे काय रे?"

"तयार राहा म्हणून सांगितलं होतं सगळ्यांना," ऑर्व्हिल जमिनीकडे बघत म्हणाला. "तयार होते. मग आणलं."

"आणि सूट?"

"इस्त्री झाली होती."

आर्डनला हसावं की रडावं कळेना. "तू फोन उचलला नाहीस."

"ब्रिनकडे गेलो होतो. तिला विचारलं, पेटी पडली तेव्हा घाबरली होतीस का. म्हणाली, नाही, आर्डनकाकाला मी हात केला." ऑर्व्हिलने टाय सैल केला. "ती अशीच हात करत राहणार तुला, आर्डन. पुढच्या हिवाळ्यात पण. तेव्हा तू जागा पाहिजेस. काय ते कापून घे आणि ये."

नर्सने चाकांची खुर्ची आणली, चांगली रुंद.

"मी चालत जातो," आर्डन म्हणाला.

तो निघाला तशी आठही माणसं उठली. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण अशा वेळी कुठे उभं राहायचं हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं. चार डावीकडे झाली, चार उजवीकडे, आणि संथ पावलांनी ऑपरेशनच्या दारापर्यंत निघाली. त्यांच्यामागून हातात पर्स धरून बर्नडीनबाई, आणि सगळ्यांच्या मधोमध आर्डन क्वामे, झग्याची मागची बाजू एका हाताने घट्ट धरून, आपल्या पायांनी चालत.